स्लॅबवर पत्रा कशाला मारता मग?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज ठरल्यासारखा फिरतो. 'ऑगस्ट 2019 च्या पुरात बेळगाव जिल्ह्यात मातीची घरं पडली, आरसीसीची उभी राहिली. माती, कौलं म्हणजे गरिबी आणि धोका. स्लॅब टाका, मोठ्या काचा लावा, पांढरा रंग द्या, झालं मिनिमल घर.' खाली 30 बाय 40 चा प्लॅन, अख्ख्या जिल्ह्याला एकच. यंदा धाकट्याला घर बांधायचंय आणि त्यानंच तो पुढं पाठवला, म्हणून लिहायला बसलो.

मातीची घरं पडली, हे खरंच आहे. पण कशी पडली? कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेचं पाणी घरात शिरलं आणि तुंबून राहिलं. मातीच्या भिंतीचा जीव तिच्या पायात असतो. तळ मऊ झाला की वरचं वजन तिला पेलत नाही. म्हणून जुने गवंडी आधी दगडाचं जोतं उचलायचे, मग माती, आणि पागोळ्या भिंतीपासून दोन-तीन हात लांब पडतील असं छप्पर. अर्थात पूर येतो अशा नदीकाठाला मीही मातीची भिंत घालणार नाही. तिथं मुळात जागाच चुकलेली असते.

आमच्या खानापूर तालुक्यातल्या घराची पश्चिमेची भिंत फुगली, ती पुरानं नव्हे. मजबुती म्हणून वडिलांनी तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गवंडीमामांनी थापीच्या टोकानं पोपडा उचकटला, तर आत माती मळलेल्या कणकेसारखी. बोट सहज रुतलं. मातीची भिंत ओल घेते तशी सोडतेही. आम्ही तिची सोडायची वाटच बुजवली होती. सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला, तेव्हा ती हळूहळू वाळली.

आता 'स्लॅब म्हणजे बिनघोर'. बेळगाव शहरातल्या वडगाव, अनगोळ, शहापूरच्या गल्ल्यांतून मान वर करून चाला. किती स्लॅबांवर लोखंडी पाइप उभे करून पत्रा मारलाय, बघा! गळायला लागला म्हणून. म्हणजे आधी सपाट छपराचे पैसे मोजले, मग उतरत्या छपराचे वेगळे. उन्हाचीही तीच गत. आपल्याकडं मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळं भिंतीपेक्षा छप्परच जास्त तापतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो. कौलांच्या फटीतून गरम हवा निसटते, खाली माळा असला तर खोलीपर्यंत झळ फारशी पोचत नाही.

'गरिबी' हा शब्द मला जास्त झोंबला. ज्या खानापुरात कुंभारकाम शिकवणारी खादी-ग्रामोद्योगाची संस्था आहे, तिथल्या माणसानं कौलाला नाक मुरडावं? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 साली खेड्यांसाठी तंत्रज्ञान शोधणारं 'अस्त्र' नावाचं केंद्र निघालं. थोडं सिमेंट मिसळून यंत्रावर दाबलेल्या मातीच्या विटांवर तिथं वर्षानुवर्षं काम झालं. अशा विटांना आयएस 1725 हे सरकारी मानकही आहे. मात्र माती पारखून घ्यावी लागते. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. विटेला ती नको.

एकच प्लॅन जिल्हाभर चालेल, यावर काय बोलायचं? कणकुंबी-जांबोटीकडं पावसाची झड पश्चिमेकडून आडवी मारते. तिकडं त्या बाजूला पडवी हवी, खिडकी नव्हे, काच तर नाहीच. अथणीला पाऊस मोजका, ऊन रखरखीत; तिथं जाड भिंती आणि माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, शोभतं.

मिनिमलचं, म्हणजे मोजक्या सामानाच्या घराचं म्हणाल, तर दोन फुटी भिंतीत कोनाडे आणि फडताळ निघालं की निम्मी कपाटं वाचतात. आजीच्या खोलीत एक खुंटी आणि एक ट्रंक होती.

माती-कौलांचं घर स्वस्तात होतं असं मात्र मी म्हणणार नाही. कौलं परतावी लागतात, माकडं ती फोडतात, आणि मातीत हात घालणारा गवंडी शोधायला चार गावं फिरावी लागतात.

धाकट्याचा प्लॉट गावाबाहेर चढावर आहे. मातीत वाळू किती, चिकण किती ते बघायला रविवारी तिथली मूठभर तांबडी माती काचेच्या बाटलीत पाणी घालून खळखळून ठेवली. वाळू लगेच तळाशी बसली. वरचं पाणी अजून गढूळ आहे. तो येता-जाता बाटलीत डोकावतोय.