स्पायडरमॅनला रडका म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया कालच वाचली, पण इकडं लाइन गेली होती अन् मोबाइलवर एवढं टाइप करायचा कंटाळा, म्हणून आज निवांत लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ या कॉमिकच्या पहिल्या अंकाचं मी उगाच एवढं कौतुक केलं, त्यात हिरो अर्धा वेळ पैशापायी रडत बसते, जिंकूनही शेवटी बदनामच होते, व्हिलन धड नाही, अन् आपल्या खेड्यातल्या वाचकाला त्या न्यूयॉर्कच्या पोट्ट्याचं काय घेणंदेणं, त्यापेक्षा इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर (म्हंजे फँटमवर) लिहा.

वेताळ मलाही आवडतो, पण त्याच्या कवटीच्या गुहेत खजिना भरून ठेवलाय राजेहो! बॅटमॅन घरचा गडगंज. सुपरमॅन १९३८ मध्ये आला तोच पेपरातली नोकरी घेऊन. म्हंजे जग वाचवायला निघायच्या आधी घरात दाणे आहेत का, हे यांच्यापैकी कोणालाच पाहावं लागलं नाही. मार्च १९६३ च्या या अंकात मात्र पहिल्यापासून तेच पाहावं लागते. पीटर पार्कर या पोराला कोळी चावणं, शक्ती येऊन त्याचा स्पायडरमॅन होणं, त्याला वाढवणाऱ्या बेन काकांचा खून, हे सगळं आधीच ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात ११ पानांत उरकलं होतं (अन् ते मासिक त्याच अंकाला बंद पडलं, नशीब पाहा), त्यामुळे नवीन मालिकेपुढं रोकडा प्रश्न उरला की कमावता माणूस गेला, आता घर कसं चालणार.

लेखक स्टॅन ली अन् चित्रकार स्टीव्ह डिट्को तिथूनच सुरू करतात. घरमालक भाड्यासाठी बेन काकांच्या बायकोच्या, मे काकूंच्या दारात उभा. पीटरच्या मनात एकदा चोरीचाही विचार येऊन जाते, तो झटकून पोरगं सरळ शो करायला जाते, शो चालतो, पैसेही मिळतात, पण चेकवर नाव स्पायडरमॅनचं! तो चेक घेऊन मुखवटा घालून हा बँकेत उभा राहते, अन् काउंटरवरचा माणूस म्हणते ओळखपत्र दाखवा, असा ड्रेस कोणीही घालून येईल.

आता तुम्हीच सांगा, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागते का? कापूस विकून चुकाऱ्याची वाट पाहणारा माणूस, ज्याचं सातबारावर नाव ‘नामदेवराव’ अन् आधारवर ‘नामदेव’, त्याला विचारा बँकेच्या काउंटरवर उभं राहून आपण आपणच आहो हे सिद्ध करणं काय असते ते. आमच्या घरी झालंय हे. पैसे आपले, घाम आपला, अन् पलीकडचा म्हणते पुरावा आणा. मला तर वाटते भिंतीवर चढता येणाऱ्या पोराला एका क्लार्कनं हरवलं, हा पूर्ण सुपरहिरो साहित्यातला सगळ्यात खरा प्रसंग आहे, अन् त्यात एक बुक्कीसुद्धा नाही.

पुढं पेपरवाला जेम्सन आपल्या पेपरात त्याच्या विरोधात रान उठवते, शो बंद पडतो, दुसरं काम मिळत नाही. अन् मग पीटरला दिसते की मे काकू गहाणाच्या दुकानात आपले दागिने ठेवून राहिल्या, त्याला न सांगता. तुम्ही याला रडगाणं म्हणता, भाऊ. पेरणीच्या तोंडावर आईची पोत कुठं जाते अन् दिवाळीपर्यंत का परत येत नाही हे ज्यानं घरात पाहिलं, तो तिथं पान उलटत नाही, थांबते.

जिंकूनही बदनामच होते म्हणता, तर तेच पाहा. जेम्सनचाच पोरगा जॉन, त्याची अंतराळ कॅप्सूल बिघडते तेव्हा हा विमानावरून जाऊन तिला लागणारा सुटा भाग बसवून येते, जीव वाचवते. दुसऱ्या दिवशी जेम्सन छापते की यानंच आधी बिघाड केला, अन् वॉन्टेडची पोस्टरं लागतात. मे काकूसुद्धा म्हणतात त्या स्पायडरमॅनला पकडलं पाहिजे, ते याच्याच समोर! आता पहिल्याच अंकात हारतुरे घालून घेतले असते तर साठ वर्षं कोणी वाचलं असतं का.

व्हिलनचं मात्र तुमचं पटलं. कॅमेलियन फिका आहे, वेष बदलतो, कागद चोरतो, संपला. पण तो येते त्या, याच अंकातल्या दुसऱ्या गोष्टीत आधी काय होते पाहा, स्पायडरमॅन फँटास्टिक फोर या चार सुपरहिरोंच्या टोळीकडे जाते, त्यांच्याशी झटापट करून आपली ताकद दाखवते अन् लगेच पगाराचं विचारते. ते म्हणतात आमच्याकडे पगारबिगार नसतो, सगळा पैसा संशोधनात जातो. हा म्हणते मग राहू द्या, अन् चालला! मी तर तिथं खो खो हसलो. सेवाभावी कामाला बोलावून चहावर भागवणारे आपल्या तालुक्यात कमी आहेत का?

दुसरा अंक वाचाच. पीटर कॅमेरा घेते, व्हल्चर नावाच्या व्हिलनचे फोटो काढते, अन् विकते कोणाला, तर त्याच जेम्सनला, जो रोज त्याच्या नावानं शिमगा करते. भाडं त्यातूनच भरते हो. ते वाचून झालं की परत या, रडका का फडका ते तेव्हा ठरवू.