म्हणे बंदुकी आहेत म्हणून शांतता आहे!

ब्रिटनच्या अखत्यारीतल्या उत्तर आयर्लंडमधल्या, आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सरहद्दीला लागून असलेल्या साउथ आर्मा या शेतीवाडीच्या भागातला जादा बंदोबस्त कमी करा म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं: 'तिथली शांतता बंदुकींमुळेच आहे, आणि हे मागणारे बंडखोरांचे पाठीराखे.' गावाचं नाव बदलून हेच वाक्य आपल्याकडेही फिरतं, म्हणून जरा उलगडून बघू.

शांतता बंदुकींमुळे? ब्रिटिश मंत्री मर्लिन रीस यांनी १९७० च्या दशकात या भागाला 'दरोडेखोरांचा मुलूख' म्हटलं. टेकड्यांवर लष्कराचे टेहळणी मनोरे, रस्त्यात सुरुंगांची भीती म्हणून सैनिकांची ने-आण हेलिकॉप्टरने. हिंसा होती म्हणून बंदोबस्त होता, कबूल. पण पुढे काय झालं? १९९८ मध्ये शांतता करार झाला, २००५ मध्ये आयआरएने, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या बंडखोर संघटनेने, सशस्त्र लढा थांबवला, मनोरे उतरले, २००७ मध्ये लष्कराची मोहीम संपली. लष्कराचा बंदोबस्त उतरला तरी मुलूख पुन्हा पेटला नाही.

मागणारे पाठीराखे? मग त्या यादीत पोलीसप्रमुखांनाही घाला. २०१९ च्या नाताळच्या दिवशी उत्तर आयर्लंडचे तेव्हाचे पोलीसप्रमुख सायमन बर्न यांनी साउथ आर्मातल्या क्रॉसमग्लेन गावच्या पोलीस ठाण्याबाहेर, रायफलधारी पोलिसांसोबतचा स्वतःचा फोटो ट्विटरवर टाकला. सणाच्या शुभेच्छा द्यायला हीच पार्श्वभूमी सुचली! स्थानिक लोकप्रतिनिधी भडकले. त्यातून तिथल्या पोलिसिंगचा आढावा घ्यायचं ठरलं, आणि २०२१ मध्ये बाहेर आलेल्या पोलिसांच्याच अहवालाने सांगितलं: क्रॉसमग्लेनचं ते किल्ल्यासारखं ठाणं बंद करा, चिलखती गाड्या आणि लांब बंदुकींची गस्त कमी करत आणा.

धोका अजून आहे? आहे. २००९ मध्ये याच आर्मा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, उत्तरेला, क्रेगाव्हनमध्ये, पोलीस हवालदाराला गोळी घालून मारलं. म्हणून तर पोलीसच नकोत असं त्या अहवालात कुठे नाही. तस्करीचं म्हणाल, तर सरहद्दीवरचा जुना धंदा डिझेल 'धुण्याचा': शेतीच्या स्वस्त डिझेलमधला रंग काढायचा, ते महाग दराने विकायचं आणि उरलेला विषारी गाळ रात्रीत रस्त्याकडेला टाकून पसार व्हायचं. हा माणूस सापडतो तो टँकरच्या कागदपत्रांतून आणि गाळ टाकणारी गाडी कुणीतरी ओळखल्यावर. आता बंद काचेच्या चिलखती गाडीला हात दाखवून ते सांगायला कोण जाणार?

राहिलं शेवटचं, 'बंदोबस्त जास्त झाला तर कुणाचं काय जातं?' हे निदान आयर्लंडमध्ये विचारू नये. आयर्लंडचा कारभार बघणारे ब्रिटिश मंत्री रॉबर्ट पील यांच्या १८१४ च्या कायद्याने अशांत ठरवलेल्या भागात जादा पोलीस बसत आणि खर्च त्याच भागाकडून वसूल होई. आपला १८६१ चा पोलीस कायदा आयरिश पोलीसदलाच्याच धर्तीवर बेतलेला. त्याच्या पंधराव्या कलमात हीच तरतूद आहे. पुणेकरांनाही विचारू नये. रँडच्या खुनानंतर १८९७ मध्ये पुण्यावर जादा पोलीस बसवले, आणि त्यांचा खर्च शहराकडूनच घेतला.