साठीच्या पुढच्यांनी सर्टिफिकेट आणावं म्हणे!

आज सकाळी लग्नाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला. "६० वर्षांवरील सर्व पाहुण्यांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट ग्रुपवर टाकावं, ही नम्र विनंती." खाली जोडलेले हात आणि एक हसरा बर्फाचा माणूस.

लग्न माझ्या सख्ख्या भाचीचं. मुलगी फोंड्याची, मुलगा मडगावचा. मधे फक्त बोरीचा पूल. सकाळी देवळाच्या सभागृहात लग्न लावून वऱ्हाड दुपारच्या चहाला परत घरी पोचेल, एवढंच अंतर. पण लग्न कुठे? मनालीच्या वर, सोलंगच्या वाटेवर. कधी? जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. का? तर बर्फ पाहिजे.

माझी आई म्हणजे नवरीची सख्खी आजी. तिने तो मेसेज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "म्हाका थंडी सोंसना गो, तुमी वचात." म्हणजे मला थंडी सोसत नाही, तुम्ही जा. झालं. तिच्यापुरता विषय संपला, ती वाल सोलायला बसली. माझ्यापुरता संपलेला नाही, म्हणून ऑफिसला उशीर करून हे लिहितेय.

कुणी म्हणेल, हिला काय माहीत. मला माहीत आहे. मी असं लग्न बघून आलेय. माझ्या काकांच्या, म्हणजे तात्यांच्या, नातवाचं लग्न तिकडेच झालं होतं, असंच भर हिवाळ्यात. भटजी इथून विमानाने नेले होते. सोवळ्याच्या आत लोकरी पायजमा, डोक्याला कानटोपी, आणि मंगलाष्टकं अशी धावत होती जणू मागे वाघ लागलाय. तूप इतकं थिजलेलं की चमच्याने खरवडून आहुती दिल्या. समईत खोबरेल घालायची आपली रीत. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गेलं की गोठतं. आमच्याकडे सत्तरी तालुक्यात जानेवारीच्या पहाटे बाटली उन्हात ठेवावी लागते, तर तिथे शून्याच्या आसपास काय होणार? करवली बाटली हीटरपुढे धरून बसली होती. नवरीचा शालू मी पूर्ण असा पाहिलाच नाही. फोटोवाला "जॅकेट!" म्हणून ओरडला की कुणीतरी धावत जाऊन तिच्या अंगावरचं जॅकेट काढायचं, फोटो झाला की परत चढवायचं. अल्बममध्ये ती हसते आहे. दात वाजत होते ते अल्बममध्ये येत नाही.

आणि तात्या? तात्या खोलीत. दोन रजया घेऊन. चंडीगढहून सात-आठ तास घाटातली वळणं खाऊन आल्यावर माणूस उभा तरी कसा राहणार? मांडव बाहेर उघड्यावर, कारण मागे डोंगर दिसला पाहिजे. नातवाचं लग्न त्यांनी मोबाईलवर पाहिलं. सप्तपदीची तीन-चार पावलं दिसली आणि चित्र अडकलं. ते अडकलेलं चित्र धरून म्हातारा किती वेळ बसला असेल कोण जाणे. मी खोलीत गेले तेव्हा मलाच विचारत होते, "जालें काय गो?"

ह्या सगळ्याला हल्ली 'इंटिमेट वेडिंग' म्हणतात. जवळची मोजकी माणसं. मोजणार कोण? गुडघे मोजणार, छाती मोजणार, विमानाचं तिकीट मोजणार. भाची जन्मली तेव्हा तिला चाळीस दिवस तेल लावून न्हाऊ घालायला जी बाई यायची, ती यादीत नाही. शेजारची मारिया आंटी, जिच्याकडे ही शाळेतून आल्यावर संध्याकाळपर्यंत असायची, ती नाही. देवळाबाहेर फुलं विकणारी, जी हिला लहानपणापासून फुकट अबोलीची फाती, म्हणजे गजरा, माळते, तिला तर लग्न आहे हेही माहीत नाही. फोंड्यात लग्न असतं तर ही सगळी आली असती, कुणाला तिकीट काढायला लागलं नसतं. पंगतीला बसली असती, मणगणें, म्हणजे आपली चणाडाळीची खीर, ओरपून, हात धुऊन, नवरीच्या गालावरून हात फिरवून घरी गेली असती.

हो, मान्य, आपल्याकडे हजार-हजार माणसांची रिसेप्शनं करून लोक कर्जात बुडतात, तेही काही शहाणपणाचं नाही. आणि मनाली समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या आसपास आहे, तेवढ्या उंचीवर सहसा प्राणवायूचा त्रास होत नाही, असं डॉक्टर असलेला भाचा मघाशीच ग्रुपवर सांगून गेला. बरं बाबा. पण थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, ब्लड प्रेशर चढतं, हृदयाला जास्त राबावं लागतं, हेही तोच सांगतो, फक्त खासगीत.

आता मुहूर्त. भटजींनी पंचांग उघडलं, तारीख पाहिली आणि पंचांग मिटलं. धनुर्मास. साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत सूर्य धनू राशीत, लग्नकार्य नाही. उत्तरेत ह्यालाच खरमास म्हणतात. म्हणजे जिथे आम्ही चाललोय त्या बाजूची माणसंही बहुतेक ह्या दिवसांत स्वतःच्या मुलींची लग्नं लावत नाहीत! म्हणून तर हॉल मोकळा मिळाला, डिस्काउंट मिळाला. मला स्वतःला मुहूर्ताचं फार काही नाही. पण तुळशीचं लग्न लागलं की मार्गशीर्षभर तारखाच तारखा असतात. त्या सोडून नेमका हा आठवडा का? तर बर्फ.

आणि बर्फ तरी तुमच्या इव्हेंटवाल्याच्या खिशात आहे? तो येतो भूमध्य समुद्राकडून निघालेल्या पश्चिमी विक्षोभाबरोबर, म्हणजे तिकडून येणाऱ्या वादळी हवेबरोबर. तो आला तर येतो, नाही तर अख्खा महिना कोरडा जातो आणि मागे दिसतं ते पिवळं पडलेलं गवत. बरं, आला आणि जोरात आला तर? २०२४ च्या नाताळाच्या तोंडावर सोलंग आणि अटल बोगद्याच्या मधे हजारभर गाड्या अडकल्या होत्या, पोलिसांनी रात्रभर माणसं बाहेर काढली. बर्फ पडला की वर फक्त चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या आणि फोर बाय फोर. आमच्या वऱ्हाडातल्या गाड्यांचे चालक कोण, तर आमचेच जावई आणि पुतणे, ज्यांना चोर्लाघाटात धुकं पडलं की घाम फुटतो. कुलूजवळ भुंतरचं विमानतळ आहे ना, म्हणाल. धावपट्टी आखूड, छोटी विमानं उतरतात, हवा बिघडली की तीही नाहीत. आणि दिल्लीचं जानेवारीतलं धुकं! गोव्यातल्या मोपा विमानतळावरून वेळेत उडालेला माणूस दिल्लीत खुर्चीवर रात्र काढणार आणि हळद चुकवणार. हे मी मागच्या रविवारच्या बैठकीत बोलले, तर व्याहीबुवा म्हणाले, "बी पॉझिटिव्ह." मी पॉझिटिव्हच आहे. मी लोकरी मोजे विकत घेतलेत.

खरा संताप मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. डिसेंबर आला की आपण सगळे काय पोस्ट टाकतो? दिल्लीवाले आले. किनाऱ्यावर मांडव, रात्री दहानंतर आवाज बंद हा नियम धाब्यावर, वाळूत प्लास्टिक, कांदोळीला गाडी हलत नाही, मासळीचे भाव आभाळाला. मी टाकते, तुम्ही लाईक करता. मग मनालीतल्या बाईने तिच्या फेसबुकवर काय लिहावं? गोंयकार आले, डीजे घेऊन आले, पाण्याचे पाइप गोठलेत तिथे टबबाथ मागतात? २०१९ च्या जूनमध्ये उत्तराखंडात, जोशीमठच्या वर औलीला एका धनाढ्य कुटुंबाची दोन लग्नं झाली. कोट्यवधींचा थाट, हेलिकॉप्टर, परदेशी फुलं. प्रकरण आधीच हायकोर्टात गेलं होतं, आणि नंतर जोशीमठच्या पालिकेने शेकडो क्विंटल कचरा उचलला. त्याच जोशीमठात २०२३ च्या जानेवारीत शेकडो घरांना तडे गेले, माणसं भर थंडीत घराबाहेर. तडे त्या लग्नांनी पाडले असं मी म्हणत नाही, कारणं जुनी आणि मोठी आहेत. पण डोंगर म्हणजे मागचा पडदा नव्हे, एवढं तरी कळायला काय हरकत आहे? तिथे माणसं राहतात. त्यांनाही पाणी भरायचं असतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात देहरादूनच्या गुंतवणूकदार परिषदेत पंतप्रधानांनी श्रीमंतांना सांगितलं की परदेशात जाऊन लग्नं कशाला, उत्तराखंडात करा. पहाडातल्या पोरांना कामं मिळतात, हे मला मान्य करावंच लागेल. आम्हीही टुरिझमवरच जगतो, आम्ही कोणत्या तोंडाने बोलणार. त्रियुगीनारायणला, जिथे शिवपार्वतीचं लग्न लागलं आणि त्याचा अग्नी अजून तेवतोय असं मानतात, तिथे कुणी श्रद्धेने चार माणसांत लग्न लावत असेल तर मी काही बोलणार नाही. माझी भाची मात्र श्रद्धेने चाललेली नाही. ती ड्रोन घेऊन चालली आहे.

(हे वाचून ती रुसणार. रुसू दे.)

जेवणाचं लिहायचं राहिलंच. तात्यांच्या नातवाच्या लग्नात आचारी इथूनच नेले होते, नारळाची पोती आणि तिरफळांची पिशवी घेऊन. त्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ शिजता शिजेना. खतखत्यातले, म्हणजे आपल्या मिश्र भाजीतले, सुरणाचे तुकडे दाताखाली कचकच. आचारी रडकुंडीला आला. शेवटी रिसॉर्टमधल्या एका पोराने गावातले बोटी बोलावले. त्यांच्याकडे लग्नात धाम, म्हणजे गावजेवण, करणारे जे आचारी असतात त्यांना बोटी म्हणतात. पितळेची भली मोठी भांडी, खाली लाकडाची आग. दुसऱ्या दिवशी जमिनीवर पंगत मांडून पत्रावळींवर वाढलं: मद्रा, सेपू बडी, आंबट, शेवटी गोड भात. मी खाली मांडी घालून बसले, ताटात वाफ येत होती आणि मला एकदम वाटलं, अरे, हे तर आपलंच आहे. तेवढं जेवण मात्र फर्स्ट क्लास. तेवढंच.

तोच पोरगा तात्यांच्या खोलीत दर तासाला गरम पाण्याची पिशवी बदलून जायचा. लग्न चालू असताना सगळे बाहेर, खोलीत तात्या आणि तो. तात्यांचं हिंदी आपल्याला माहीत आहे. त्यांनी त्याला खांडेपारची नदी, गोवा मुक्तीच्या वेळी उडवलेला पूल, सगळं सांगितलं म्हणे, आणि त्याने ते ऐकलं. आमच्यातल्या कुणी ते शेवटचं पूर्ण कधी ऐकलंय, आठवत नाही.

आता गंमत ऐका. आज ग्रुपवर पहिलं फिटनेस सर्टिफिकेट कुणी टाकलं? तात्यांनी! फोटो थोडा तिरका, अंगठा मधे आलाय, पण सही-शिक्का स्पष्ट. मी तडक फोन लावला, म्हटलं, तात्या, मागच्या खेपेला काय झालं विसरलात? तर म्हणतात, "तो पोरगो आजून थंयच आसतलो मगो?" तो पोरगा अजून तिथेच असेल ना, म्हणे.

मी काय बोलणार.

म्हणून मी आता जरा शांत झालेय आणि माझ्या मागण्या इथेच लिहून ठेवते, म्हणजे चार माणसांसमोर झालं. सह्या तर गोव्यातच व्हायच्या आहेत. आपल्याकडे नोंदणी कार्यालयात पहिली सही आणि काही दिवसांनी दुसरी झाली की कायद्याने ती दोघं नवरा-बायको, मग पुढे बर्फात नाचा नाहीतर समुद्रात. देवाला नारळ, गाऱ्हाणं, देवकार्य, चुडो हे सगळं इथे, आमच्या अंगणात मांडव घालून. हिरवी काकणं भरताना आई पाटावर शेजारी बसलेली पाहिजे. ओव्या म्हणणाऱ्या बायका अजून चार आहेत वाड्यावर, त्यांना मी बोलावणार. दुपारी पंगत. न्हाऊ घालणारी, मारिया आंटी, फुलवाली, सगळ्यांना. ह्या जेवणाचे पैसे मी देईन. मग तुमचा इव्हेंटवाला तुम्हाला कुठल्याही शिखरावर नेऊ दे.

बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे दोन दोन लग्नं? दोन नव्हे. एक लग्न आणि एक सहल. तिने फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत उचलेल.

भाची शनिवारी पुण्याहून येतेय. ऐकेल की नाही सांगता येत नाही, मावशीवर गेली आहे.

आणि ज्या मैत्रिणी हिमाचलला हिवाळ्यात जाऊन आल्या असतील त्यांनी कृपया इनबॉक्समध्ये सांगा: नऊवारीच्या आत कोणते थर्मल बसतात? डबल एक्सएलमध्ये म्हापशाच्या बाजारात मिळतील का, की ऑनलाइनच मागवू? तात्यांसाठीही एक जोडी घ्यायची आहे.