जागा फिरतात, मतं तेवढी फिरत नाहीत

नमस्कार.

केंद्रातली सत्ता १९५२ ते २०२४ या काळात कोणाकडून कोणाकडे गेली, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि बरंच रागाने लिहिलंत. तुमचं म्हणणं असं, की सरकार येतं-जातं ते जनतेच्या कौलाने. मतांच्या टक्केवारीचा कीस पाडून मी त्या कौलाची किंमत कमी करतो, आणि १९८९ नंतरच्या आघाडी सरकारांना उगाच झुकतं माप देतो. तक्त्यातून टक्केवारीचा रकाना काढून टाका, असंही तुम्ही सुचवलंय.

तो रकाना मी काढणार नाही. का, ते नीट सांगतो.

१९६७ मध्ये काँग्रेसला जवळजवळ ४१ टक्के मतं आणि २८३ जागा मिळाल्या. म्हणजे स्वबळावर बहुमत. १९८९ मध्ये मतं साडेएकोणचाळीस टक्के, पण जागा १९७, आणि राजीव गांधी विरोधी बाकांवर. मतांत दीड टक्क्याचाही फरक नाही, जागांत ८६ चा. आता १९९१ बघा. मतं आणखी उतरून साडेछत्तीस टक्क्यांच्या आसपास आली, जागा मात्र वाढून २३२ झाल्या. यात पंजाब धरलेला नाही, तिथलं मतदान १९९२ मध्ये झालं.

फक्त जागा बघणारा म्हणेल की १९९१ मध्ये लोक काँग्रेसकडे परतले. परतले नव्हते, आणखी काही सोडून गेले होते. बदलली होती ती समोरची फळी. १९८९ मध्ये जनता दलाने भाजप आणि डावे या दोघांशीही जागांची समजूत केली होती, त्यामुळे असंख्य मतदारसंघांत काँग्रेसविरोधी मतं एकाच उमेदवाराकडे गेली. मंडल आणि अयोध्येच्या प्रश्नांवर ती समजूत मोडली आणि पुढच्याच निवडणुकीत मतं विभागली. राजीव गांधींच्या हत्येनंतरच्या टप्प्यांत काँग्रेसला सहानुभूती मिळाली हे खरं आहे. पण ती धरूनही एकूण टक्केवारी घसरलेलीच होती.

महाराष्ट्राने तर हे फार आधी अनुभवलंय. १९५७ मध्ये देशभरात काँग्रेसची मतं वाढून ४८ टक्क्यांच्या जवळ पोहोचली, आणि त्याच निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात तिची दाणादाण उडवली. लोकांचा राग खराच होता. पण समितीतले शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन वेगवेगळे लढले असते, तर तो राग चार ठिकाणी वाटला गेला असता. अगदी अलीकडचं २०२४ घ्या. राज्यात भाजपची मतं दीडेक टक्क्यांनी कमी झाली आणि जागा २३ वरून ९ वर आल्या. देशातही ३७.४ वरून ३६.६ टक्के एवढीच घट, जागा मात्र ३०३ वरून २४०.

यात मतदाराला मी कुठेही कमी लेखत नाही. उलट, जागांचा आकडा हाच अखेरचा शब्द मानला तर १९८४ मध्ये भाजपला मत देणारे सात टक्क्यांहून जास्त मतदार दिसेनासे होतात, कारण त्यांच्या पक्षाच्या दोनच जागा आल्या. मला त्या माणसांची नोंद हवी आहे. आणि स्वातंत्र्यानंतर एकाही पक्षाला लोकसभेत निम्मी मतं मिळालेली नाहीत, काँग्रेसला १९८४ च्या त्या प्रचंड विजयातही नाहीत. हे वाचून तुम्हाला जनादेशाचा अपमान वाटला. मला वाटतं, प्रत्येक सरकारने हे वाक्य समोर ठेवून काम करावं.

‘जनतेचा कौल’ असं एकवचनात म्हणायलाही मी कचरतो. मार्च १९७७ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसला ८५ पैकी एकही जागा मिळाली नाही. त्याच निवडणुकीत आंध्र प्रदेशात तिला ४२ पैकी ४१ मिळाल्या. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीचा जाच उत्तरेत जास्त बसला होता, आणि मत तिथे फिरलं.

दशकांचा हिशेब करायचा तर दिल्लीपेक्षा राज्यांकडे बघावं लागतं. १९७७ चा पराभव काँग्रेसने तीन वर्षांत भरून काढला, १९८० मध्ये ३५३ जागा घेऊन. १९८९ चं तसं झालं नाही. उत्तर प्रदेशात १९८४ मध्ये ८३, १९८९ मध्ये १५ आणि १९९८ मध्ये शून्य. तिथे त्या पक्षाला सोडून गेलेले दलित, मुस्लिम आणि सवर्ण मतदार तीन वेगवेगळ्या पक्षांकडे गेले आणि तिथेच रुळले. एखाद्या पक्षाचं युग संपतं म्हणतात ते असं. सहानुभूतीच्या किंवा संतापाच्या लाटेने सरकार पडतं, पण गावपातळीवरचा कार्यकर्ता दुसऱ्या पक्षात गेला की पुढची वीस वर्षं हातची जातात. २०१४ मात्र वेगळं. तिथे भाजपची मतं १९ वरून ३१ टक्क्यांवर गेली, आणि त्याला मी लेखातही खरंखुरं स्थित्यंतरच म्हटलंय.

आघाड्यांबद्दल थोडक्यात. १९८९ ते १९९९ मध्ये पाच लोकसभा निवडणुका झाल्या, एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, हे सगळं खरं. पण बहुमत नसताना सत्तेवर आलेल्या नरसिंह रावांच्या सरकारनेच आर्थिक धोरण बदललं आणि पंचायत राज व नगरपालिकांच्या ७३ व्या, ७४ व्या घटनादुरुस्त्या आणल्या. माहिती अधिकाराचा आणि ग्रामीण रोजगार हमीचा केंद्रीय कायदा २००५ चा, तोही आघाडी सरकारचाच, आणि रोजगार हमीची वाट महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात दाखवली होती. ही कामं मोजली की मला झुकतं माप द्यावंच लागत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेमुळे एक गोष्ट करतोय. तक्त्याला राज्यवार भाग जोडतो. सुरुवात १९६७ च्या मद्रासपासून, जिथे द्रमुकने काँग्रेसला हरवलं.