तलावावर विद्यार्थी न्यायचेत? मग एवढं करा

पर्यावरणीय बदलाचं राजकारण शिकवायला विद्यार्थ्यांची बस भंडारा-गोंदियाकडे काढणार असाल, तर राजकारण तेवढं टाळा. बाकी विषय सोपा आहे.

डिसेंबरात जा. हवा छान असते, आणि माणसं धानाच्या मळणीत अडकलेली असल्यानं उलट प्रश्न विचारत नाहीत. सरपंचांच्या ओसरीवर चहा, तिथेच गटचर्चा. ढिवर म्हणजे मासेमार समाजाच्या मोहल्ल्यात जायची गरज नाही. त्यांचं मत सरपंच सांगतातच.

प्रश्नावली छापूनच न्या. ‘हवामान बदलाचा माझ्या जीवनमानावर परिणाम झाला आहे’: पूर्ण सहमत, अंशतः सहमत, असहमत. एखादी आजी म्हणेल, ‘तुमी म्हनान तसं लिवा बापा.’ हे ‘पूर्ण सहमत’मध्ये धरा.

पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे एकेकाळी मालगुजारांच्या, सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातले. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले, एवढं बसमध्येच उरका. आधी पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, डागडुजी कोण करायचं आणि नंतर ती का थांबली, यात शिरलात तर जेवण हुकेल. ‘पाऊस बदलला म्हणून गाळ साचला’ हे अहवालात शोभून दिसतं.

पाळीवर भांडण चाललेलं असेल. धानवाला म्हणेल, उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकलेत, पाणी सोडा. मासेमार सोसायटीवाला म्हणेल, सोडू नका, मासळी अजून बोटभर आहे अन् ठेक्याचे पैसे भरून बसलोय. तिसरा गप्प असेल. त्याचा हरभरा तलावाच्या बुडीत जमिनीतच उभा आहे, त्याला तलाव रिकामाच बरा. तुम्ही पाठ करून सेल्फी काढा. गेट कोणाच्या फोनवर उघडतं, हे ‘अभ्यासाच्या कक्षेबाहेर’. निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक वापरहक्कांची नोंद, बघायला मागणारी एखादी आगाऊ मुलगी गटात असतेच; तिला पक्षी मोजायला बसवा.

जेसीबीनं तलाव परातीसारखा खरवडला असेल, तर यशोगाथा म्हणून नोंदवा. काठच्या उथळ पाण्यातलं गवत गेलं, तिथे मासे अंडी घालायचे, गाळ मात्र ट्रॅक्टर असणाऱ्याच्याच शेतात पडला, असल्या तपशिलांनी आलेख बिघडतो.

अहवाल इंग्रजीत लिहा, गावाला पाठवू नका. आणि जेवणाचं बिल रोखीत चुकतं करा; ढाबा सरपंचांच्या भाच्याचा आहे, जेसीबीही त्याचाच.