चौथीचा भागाकार, पाचवीचं डिव्हिजन

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरची मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी शेजारच्या शाळेत विलीन करायची, की तिथेच इंग्रजी वर्ग सुरू करा म्हणून मागणी लावून धरायची? बोलता बोलता गाडी गणितावर घसरली. एका पालकाने लिहिलं, 'भाज्य, भाजक, भागाकार हे शब्द पोरांच्या डोक्यावरून जातात. पाचवीत सगळं इंग्रजीतच व्हायचं आहे, मग पहिल्यापासूनच डिव्हिडंड, डिव्हायझर का नको?' त्यावर आमच्या निवृत्त गुरुजींचं लांबलचक उत्तर आलं, मातृभाषेतून शिकलेलं अंगी मुरतं, वगैरे. शेवटी कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. 'ती तिकडे इंग्लंडात शाळेतच आहे ना, तिलाच विचारा.'

विचारलंच आहे तर सांगते, पण दोन्ही पक्षांची थोडी निराशा होईल. स्विंडन हे एके काळी रेल्वेच्या कारखान्यांवर जगलेलं शहर. पोर्तुगीज पासपोर्टच्या वाटेने आलेल्या गोंयकारांनी त्याचा एक कोपरा आता म्हापशासारखा करून टाकला आहे. इथल्या एका प्राथमिक शाळेत मी सहायक शिक्षिका आहे. म्हणजे वर्ग माझा नाही, पण मागच्या टेबलावर जी मुलं अडून बसतात ती माझी. भागाकाराच्या दिवसांत ते टेबल भरलेलं असतं.

आधी इंग्रजीवाल्यांसाठी. 'परदेशात पाढे घोकून घेत नाहीत, सगळं समजून शिकवतात' हे वाक्य मी गोव्यात इतक्यांदा ऐकलं आहे, की ते बोलणाऱ्याला एकदा इथल्या चौथीच्या परीक्षेला बसवावं असं वाटतं. इंग्लंडमध्ये २०२२पासून चौथीच्या मुलांना पाढ्यांची सरकारी चाचणी सक्तीची आहे. बारापर्यंतचे पाढे, कॉम्प्युटरवर २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. पोरं घामाघूम होतात. आणि आपण गोव्यात पाढे म्हणजे मागासलेपणा म्हणून लाजायला लागलो आहोत.

रीतीचंही तसंच. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथे भागाकार तुकड्यातुकड्यांनी वजा करत शिकवत. १९६ला ८ने भागायचं तर ८ दाहे ८० वजा करा, पुन्हा ८० वजा करा, मग ८ चोक ३२ वजा करा. ४ उरले. आता किती आठ काढले ते मोजा: १० आणि १० आणि ४, म्हणजे २४. कल्पना चांगली होती, मुलाला आपण काय करतो आहोत ते कळायचं. पण जरा मोठी संख्या आली की पानभर वजाबाक्या व्हायच्या आणि त्यात कुठेतरी एक चुकायचीच. २०१४च्या अभ्यासक्रमाने पारंपरिक मांडणी पुन्हा आणली. सहावीत चार अंकी संख्येला दोन अंकी संख्येने भागता आलं पाहिजे. वर्षाच्या शेवटी परीक्षा होते, तिच्यात लांब भागाकाराला २ गुण असतात. उत्तर चुकलं पण पायऱ्या ठरलेल्या रीतीने मांडल्या आणि आकडेमोडीत एकच चूक असली, तर १ गुण मिळतो. दुसऱ्या कुठल्या रीतीने गेलात आणि उत्तर चुकलं, तर भोपळा. म्हणजे आमच्या गुरुजींनी फळ्यावर घालून दिलेली भाग द्या, गुणा, वजा करा, पुढचा अंक खाली घ्या, हीच ती रीत. इथली मुलं ती 'डज मॅकडॉनल्ड्स सेल बर्गर्स' असं म्हणून लक्षात ठेवतात, एवढाच फरक.

आता शब्दांकडे येऊ. भाजकाऐवजी डिव्हायझर म्हटलं की मुलाला सोपं जाईल, ही समजूत इथल्या वर्गात बसून बघितली की गळून पडते. ज्यांच्या सात पिढ्या इंग्रजी बोलत आल्या त्या मुलांनाही डिव्हिडंड म्हणजे काय ते सांगता येत नाही. भिंतीवर तक्ता लावलेला असतो, शब्द त्यावरच राहतो. बाई स्वतः 'आपण जी संख्या वाटतो आहोत ती' असंच बोलतात. परिभाषा कुठल्याही भाषेतली असो, ती मुलाला परकीच असते. ती अर्थानंतर यायला हवी, आधी नव्हे. गुरुजींनी इथे खूष होण्याचं कारण नाही, कारण आमच्याकडेही 'भाज्य बरोबर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी' हे आधी पाठ व्हायचं आणि त्यात काय चाललं आहे ते कधी कळायचं तर कळायचं.

अर्थ म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण खरा गुंता इथेच आहे. बाजारात मासळीवालीकडे ५० बांगडे आहेत आणि ती आठ-आठाचे वाटे घालते. किती वाटे झाले? सहा, दोन बांगडे उरले. आता घरी गणेशचवथीला ५० नेवऱ्या (करंज्या) तळल्या आणि आठ मुलांना सारख्या वाटायच्या. प्रत्येकाला किती? सहा, दोन उरल्या. वहीत दोन्ही गणितं अगदी एकसारखी दिसतात, ५० भागिले ८. पण पहिल्यातले सहा हे वाटे आहेत आणि दुसऱ्यातल्या सहा नेवऱ्या. पहिल्यात एका ढिगात किती ते ठाऊक आहे, ढीग किती ते शोधायचं. दुसऱ्यात वाटेकरी किती ते ठाऊक आहे, एकेकाच्या पानात किती ते शोधायचं. मोठ्या माणसाला हा फरक दिसतच नाही, इतका तो सवयीचा झालेला असतो. आठ वर्षांच्या मुलाला मात्र शाब्दिक उदाहरणात कशाला कशाने भागायचं तेच कळत नाही, ते यामुळे.

बाकीचं तर त्याहून मजेशीर. उरलेले दोन बांगडे मासळीवाली ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत वर टाकते, उत्तर सहाच राहतं. उरलेल्या दोन नेवऱ्यांचे चार-चार तुकडे केले की आठ जणांना पाव-पाव येते, उत्तर सव्वासहा. आणि ५० माणसांना जत्रेला न्यायचं, एका गाडीत आठ जण बसतात, तर गाड्या सात लागतात. दोन माणसांना रस्त्यावर सोडून कसं चालेल? एकाच भागाकाराची ही तीन उत्तरं, आणि तीनही बरोबर. यातलं कुठलं कधी, हे मुलाने तोंडाने बोलून ठरवायचं असतं. इथल्या वर्गात यावर तासच्या तास जातात. मुलं तावातावाने भांडतात, गाडीत नऊ कोंबता येतील असंही एखादं सांगतं. आमच्या वाड्यावरच्या शाळेत हे उदाहरण फळ्यावर आलं की 'उत्तर ६, बाकी २' लिहून खाली दोन रेघा मारल्या जायच्या आणि पुढचं गणित.

म्हणूनच मुलाची बोलायची भाषा भागाकारात कामाला येते. माध्यमाच्या वादात जो अस्मितेचा मुद्दा असतो तो मी बाजूला ठेवते. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

आमच्या टेबलावर गेल्या वर्षी एक मुलगा आला. आईवडील बार्देसचे, मधली काही वर्षं लिस्बनला काढलेली. शाळेची भाषा पोर्तुगीज, घरची कोंकणी, इंग्रजी जेमतेम. त्याला ८५२ भागिले ७ दिलं. त्याने ८५२ लिहिले, उजवीकडे उभी रेघ ओढून पलीकडे ७, सातच्या खाली आडवी रेघ, तिच्याखाली १२१. ८५२च्या खाली नुसते १५, मग १२, मग ५. एकही वजाबाकी कागदावर नाही. वर्गाच्या बाईंना वाटलं, उत्तर शेजाऱ्याचं बघून लिहिलं आणि मधे काहीतरी आकडे टाकले. मी ते बघताक्षणी ओळखलं. माझे आजोबा पोर्तुगीज काळात सेगुंद ग्राव (तेव्हाची प्राथमिक शाळेची परीक्षा) झालेले, नारळांचा हिशोब ते असाच करायचे. भाजक उजवीकडे, भागाकार त्याच्या खाली, वजाबाकी मनात.

बाईंनी ते खोडलं नाही. फळ्यावर तीन मांडण्या शेजारी शेजारी घातल्या: त्याची, इंग्लंडची (हिला इथे बस स्टॉप म्हणतात, भागाकार छपरावर येतो), आणि मी शिकले ती, भाजक डाव्या कंसाबाहेर आणि भागाकार उजव्या कंसाबाहेर. मग त्याला विचारलं, हे १५ कुठून आले? त्याने ते कोंकणीत सांगितलं, मी वर्गाला इंग्रजीत सांगितलं. आठात सात एकदा, उरला एक, पाच खाली घेतला. तीन मांडण्यांतला १५ तिन्ही ठिकाणी सापडल्यावर वर्गात जरा खसखस पिकली. पुढे परीक्षेच्या गुणांसाठी त्याला बस स्टॉप शिकावंच लागलं, त्यातून सुटका नाही. पण 'तुला भागाकार येत नाही' असं त्याला कोणी म्हटलं नाही.

आता हाच मुलगा आमच्या वाड्यावरचा आहे असं धरा. गोव्यात मराठी किंवा कोंकणी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, आणि पाचवीत पाऊल टाकलं की सगळं इंग्रजी. चौथीत मूल लांब भागाकार करायला शिकतं, उन्हाळ्याची सुट्टी होते, आणि पाचवीत तोच भागाकार डिव्हिजन होऊन समोर उभा राहतो. 'फाइंड द कोशंट अँड द रिमेंडर' असं म्हटल्यावर ते गप्प बसतं. प्रगतिपुस्तकात 'गणित कच्चे' असा शेरा पडतो. कच्चं असतं ते इंग्रजी. गणितात त्याची काही चूक नसते.

माध्यमावर आम्ही कमी भांडलो आहोत असं नाही. १९९०मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारी अनुदान प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांनाच द्यायचं ठरलं. २०११मध्ये दिगंबर कामत सरकारने ते इंग्रजीलाही खुलं केलं, मातृभाषेच्या बाजूचा भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला, सरकार बदललं तरी चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच राहिलं, आणि २०१६मध्ये तर त्यापायी संघाच्या गोवा शाखेतच फूट पडली. या सगळ्या काळात चौथी आणि पाचवी यांच्यामधल्या त्या खड्ड्यावर फळी टाकायचं कोणाच्या मनात आलं नाही. इंग्रजीवाल्यांचं म्हणणं, पहिलीपासून इंग्रजी करा, खड्डाच राहणार नाही. पण मग तो पहिलीत पडतो, आणि तोही जेव्हा मुलाला 'उरले किती' हे इंग्रजीत विचारताही येत नाही तेव्हा. मराठीवाले म्हणतात, चौथीपर्यंत मराठी टिकवा. पुढचं हायस्कूलवाले बघतील.

ते बघत नाहीत, कारण त्यांना दिसतच नाही. गोव्यात मराठी प्राथमिक शाळा बहुतेक सरकारी आणि हायस्कुलं बहुतेक खाजगी संस्थांची, अनुदानित. चौथीच्या बाई आणि पाचवीच्या गणिताच्या बाई एका खोलीत कधी बसतच नाहीत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात गणित आणि विज्ञानाची द्विभाषिक पुस्तकं करा, मुलांना या विषयांवर घरच्या भाषेत आणि इंग्रजीत दोन्हीत विचार करता, बोलता यायला हवं, असं चक्क लिहिलं आहे. त्या धोरणातल्या भाषेच्या कलमांवर आम्ही हमरीतुमरीवर आलो, हे वाक्य मात्र कोणी वाचलेलं दिसत नाही.

फार काही लागत नाही. चौथीच्या शेवटच्या सत्रात फळ्यावर भाजकाशेजारी डिव्हायझर लिहायचं, बाकीशेजारी रिमेंडर. पाचवीच्या पहिल्या महिन्यात गणित इंग्रजीत द्यायचं, पण उत्तर मुलाला हवं त्या भाषेत सांगू द्यायचं. मराठीत नाहीतर कोंकणीत. (हो, कोंकणीत. मराठी शाळेतली आमची बहुतेक मुलं घरी कोंकणीच बोलतात आणि वाटणीचं भांडणही कोंकणीतच करतात. हे म्हटलं की आमच्यातल्या काहींना मिरची लागते, लागू दे.)

गुरुजींचा आक्षेप मला आताच दिसतो आहे: इंग्रजी शब्द आले की मराठी बाटली. गुरुजी, 'बाकी' आणि 'वजा' हे तुमचे लाडके शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. त्यांच्याशिवाय तुमचा एकही भागाकार पुरा झाला नसता.

आणि इथलं सगळं आलबेल आहे असंही कोणी समजू नये. तीस मुलांचा वर्ग, सहायकांच्या जागांवर पहिली कुऱ्हाड, आणि अकरा वर्षांचं मूल सात साते बोटांवर मोजतं, हेही इथेच बघते. आमच्या वाड्यावरच्या शाळेत एकच शिक्षिका चार इयत्ता एका खोलीत सांभाळते हे खरं, पण तिच्यापुढे मुलं इतकी थोडी आहेत की प्रत्येकाला 'हे १५ कुठून आले' असं विचारायला तिला वेळ मिळू शकतो. माझ्या बाईंना तो मिळत नाही.

विलीनीकरणाच्या बैठकीला मला येता येणार नाही. ग्रुपवरचं जे कोणी जाईल त्याने माध्यमाचा विषय निघण्याआधी एवढं विचारून घ्यावं: आपली मुलं पाचवीला ज्या हायस्कुलात जातात, तिथल्या गणिताच्या बाई आपल्या शाळेत कधी आल्या आहेत का? नसतील आल्या, तर एखाद्या शनिवारी त्यांना बोलवा. चौथीच्या मुलांच्या वह्या तेवढ्या बाहेर काढून ठेवा.