'टेन्शनने मेंदूच्या पेशी मरतात': फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

आपल्या गावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'टेन्शनमुळे कॉर्टिसॉल नावाचं विष तयार होतं, मेंदूच्या पेशी कायमच्या मरतात, मग औषधाचाही उपयोग नाही.'

कॉर्टिसॉल विष नाही. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ते रोजच बनवतात, सकाळी उठायच्या सुमारास सर्वांत जास्त. त्याशिवाय माणूस जगूच शकत नाही. ते महिनोन्महिने वाढलेलं राहिलं की त्रास सुरू होतो. मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात. सातबारा कुठं ठेवला तेच आठवेना, असं होऊ शकतं. अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकएवेन यांच्या गटानं उंदरांवर हे दाखवलं. ताण थांबल्यावर त्या फांद्या पुन्हा वाढतात, हेही दाखवलं. कुशिंग आजारात तर कॉर्टिसॉल फारच वाढतं. त्या रुग्णांचाही हिप्पोकॅम्पस उपचारांनंतर थोडाफार भरून आल्याचं एमआरआयमध्ये दिसलंय.

मला सगळ्यात घातक वाटते ती मेसेजमधली शेवटची ओळ. बोंडअळी अन् पीककर्जानं आधीच खचलेला माणूस ती वाचून दवाखान्याची पायरीच चढणार नाही. झोप उडाली असेल तर पीएचसीत दाखवा, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तो मेसेज पुढं पाठवू नका. पाठवून झाला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.